रोमन गावांची आजची नावं शोधताना या चुका टाळा

रोमन गुलामांचा नेता स्पार्टाकस याच्या बंडावर टिपण लिहिताना मी इटलीच्या नकाशात ‘कापुआ’ शोधलं, तिथे टाचणी टोचली आणि पुढे गेलो. टाचणी चुकीच्या गावात होती. इ.स.पू. ७३ मध्ये ज्या कापुआतून स्पार्टाकस पळाला, ते आजचं सांता मारिया कापुआ व्हेतेरे. इ.स. ८४१ मध्ये अरब हल्लेखोरांनी ते जाळल्यावर लोक काही किलोमीटरवर, वोल्तुर्नो नदीच्या वळणावर जाऊन वसले. तिथे पूर्वी कासिलिनुम नावाचं गाव होतं. जाताना त्यांनी आपल्या गावाचं नावही सोबत नेलं. त्यामुळे आजचं कापुआ म्हणजे रोमनांचं कासिलिनुम. नाव हुबेहूब जुळतं तिथेच आपण गाफील राहतो, म्हणून ही चूक सगळ्यात आधी सांगितली.

दुसरी चूक नावाचं शेपूट गाळण्याची. एसटीत बसून नुसतं ‘वडगाव’ म्हटलं तर कंडक्टर विचारतो, कुठलं, बुद्रुक की खुर्द? रोमन नावांचंही तेच आहे. आउगुस्टा ट्रेव्हेरोरुम म्हणजे जर्मनीतलं ट्रिअर, आउगुस्टा विन्डेलिकोरुम म्हणजे आउग्सबुर्ग आणि आउगुस्टा टाउरिनोरुम म्हणजे इटलीतलं तोरिनो. लुग्दुनुम म्हणजे फ्रान्समधलं ल्योन हे खरं, पण लुग्दुनुम कोन्व्हेनारुम हे पिरेनीज पर्वताच्या पायथ्याचं वेगळंच गाव. आणि सतराव्या शतकातल्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर ‘लुग्दुनी बाताव्होरुम’ दिसलं, तर तो ग्रंथ ल्योनचा नाही, हॉलंडमधल्या लायडनचा. ग्रंथालयाच्या नोंदी करणाऱ्यांनी एवढं तरी पाठच करून ठेवावं.

हे शेपूट बहुतेकदा तिथल्या जमातीचं नाव असतं. गंमत अशी की उत्तर फ्रान्समध्ये पुष्कळदा मूळ नाव पुसलं गेलं आणि शेपूटच उरलं. लुटेशिया पारिसिओरुमचं पॅरिस झालं, तर रेमी जमातीच्या दुरोकोर्टोरुमचं रँस. आजच्या नकाशात ‘लुटेशिया’सारखा उच्चार धुंडाळत बसाल तर हाती काहीच लागणार नाही.

प्रांतांची गल्लत तर रोजची. रोमनांचा ‘आफ्रिका’ प्रांत मुख्यतः आजच्या ट्युनिशियाच्या आसपासचा, तर ‘आशिया’ प्रांत म्हणजे तुर्कस्तानचा पश्चिम भाग. कॉकेशसमध्येही एक इबेरिया आणि एक अल्बानिया होता. त्यांचा स्पेनशी किंवा आजच्या अल्बानियाशी संबंध नाही.

काही नावं जुनी दिसतात, पण पाटी नवी असते. सिसिलीतलं अग्रिजेंतो १९२७ पर्यंत जिर्जेंती होतं. मुसोलिनीच्या काळात रोमन वैभव आठवलं आणि नाव बदललं. सीझरने ओलांडलेली रुबिकॉन नदी नेमकी कोणती, यावर शतकानुशतकं वाद होता. १९३३ मध्ये फ्युमिचिनो नावाच्या एका छोट्या नदीला ‘रुबिकोने’ ठरवून टाकलं. नामांतर आपल्याला काही नवीन नाही. फक्त असं नाव दिसलं की ते कधीपासूनचं आहे, हे आधी पाहावं. नाहीतर सरकारी आदेशालाच पुरावा समजून बसाल.

मग खात्री कशी करायची? उच्चार शेवटी, अंतर आधी. रोमन मार्गसूच्यांमध्ये गावागावांतलं अंतर दिलेलं असतं. रोमन मैल सुमारे १.४८ किमीचा. आकडे जुळत नसतील तर लगेच गाव बदलू नका, आधी एकक तपासा. गॉलमध्ये, म्हणजे साधारण आजच्या फ्रान्समध्ये, मैलाऐवजी लीग वापरत आणि एक लीग म्हणजे दीड मैल. व्हिएन्नात जपलेल्या प्यूटिंगर नकाशावर, म्हणजे रोमन रस्त्यांच्या नकाशाच्या जुन्या प्रतीवर, ल्योनजवळ तशी सूचनाच लिहिलेली आहे: इथपर्यंत लीग. ती नजरेतून सुटली की पुढचा सगळा हिशेब दीडपटीने चुकतो. शिवाय हातानं उतरवलेल्या प्रतींमध्ये व्ही आणि एक्स या रोमन अंकांची अदलाबदल होते. एकच टप्पा पाच मैलांनी चुकत असेल, तर दोष लेखनिकाचा असू शकतो.

याच पद्धतीचा घरचा दाखला म्हणजे तगर हे प्राचीन गाव. रोमन साम्राज्याशी व्यापार करणाऱ्या ग्रीक खलाशांसाठी पहिल्या शतकात लिहिलेला ‘पेरिप्लस’ सांगतो, की बारिगाझाहून, म्हणजे भडोचहून, दक्षिणेला २० दिवसांवर पैठण आणि तिथून पूर्वेला १० दिवसांवर तगर. विद्वानांनी कोणी देवगिरी सुचवलं, कोणी जुन्नर. पण जुन्नर पैठणच्या पश्चिमेला, आणि देवगिरी पैठणहून दोन-तीन दिवसांच्या वाटेवर. धाराशिव जिल्ह्यातलं तेर घेऊन पाहा. भडोच ते पैठण सरळ रेषेत सुमारे ३५० किमी, पैठण ते तेर सुमारे १५०. २० आणि १० दिवसांचं प्रमाण बऱ्यापैकी बसतं. दिशा मात्र सैल आहे, कारण तेर पैठणच्या आग्नेयेला येतं. मालाने लादलेल्या गाड्यांबरोबर चालणाऱ्याला दिवस मोजता येत होते, होकायंत्र त्याच्याकडे नव्हतं.