दादर ज्वारीचं माल्ट सिरप: तापमानाच्या या चुका टाळा

दादर ज्वारीचं गोड सिरप घरी करणाऱ्यांची तक्रार एकच असते: गोडीच उतरत नाही. मग सगळे धान्याला दोष देतात. तापमान मोजणारा प्रोब कुठे टांगलाय, हे कुणी बघत नाही.

अमळनेरच्या माझ्या भाच्याने गंजाच्या, म्हणजे मोठ्या पातेल्याच्या, तळाशी विजेची कॉइल बसवली आणि ठरलेल्या तापमानाला वीज तोडणाऱ्या कंट्रोलरचा प्रोब तिलाच टेकवून ठेवला. स्क्रीनवर 65 अंश, वरचा थर मात्र जेमतेम कोमट. कॉइलपाशी 65 झाले की वीज तुटायची, वर ऊब पोचायचीच नाही. त्याने ढवळायचं सोडून सेटिंग थेट 80 वर नेलं. एवढ्या तापमानाला जवाच्या माल्टमधली (मोड आणून वाळवलेल्या जवातली), स्टार्चची साखर करणारी एन्झाइम्स बघता बघता निकामी होतात, गंज गार केला तरी परत कामाला लागत नाहीत. "मामा, गोड व्हतच नही," म्हणत तो आला तेव्हा गंजात नुसती खळ होती. गार करून आयोडीनचा थेंब टाकला, तर निळीकाळी झाली. म्हणजे स्टार्च जसाच्या तसा.

मी प्रोब मिश्रणाच्या मधोमध, कॉइलपासून चार बोटं वर टांगतो. कॉइल चालू असेपर्यंत पळी थांबवत नाही. 65 हवे असतील तर सेटिंग 63 वर ठेवतो, कारण वीज तुटल्यावरही कॉइलची धग पारा चढवते. ज्याला तासभर गंजाशेजारी उभं राहायचं नाही, त्याने या फंदात पडू नये.

दुसरी घाई म्हणजे ज्वारीचं पीठ आणि माल्ट एकदमच 65 ला टाकणं. जवाचा स्टार्च तेवढ्यात फुलतो, ज्वारीला त्याहून जास्त आच लागते. आधी पीठ पाण्यात नीट शिजवा, 65 पर्यंत निवू द्या, मगच माल्ट घाला.

प्रोब तपासल्याशिवाय वापरू नका. बर्फाच्या चुऱ्यात थोडं पाणी घालून बुडवला की 0 दाखवायला हवा. जळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे 200 मीटरवर आहे, त्यामुळे इथे उकळत्या पाण्यात 99 च्या थोडं वर दिसेल.

बादलीत पाणी तापवायचा रॉड घट्ट मिश्रणात घालू नका, पीठ चिकटून करपतं. मेमधलं सेटिंग डिसेंबरात चालत नाही. लाइट गेली तर झाकण उघडून बघत बसू नका, प्लग काढून गंजाला गोधडी गुंडाळा.