पाच भाषा, पण पूर्ण प्रोग्राम एकही नाही : नव्या कंप्युटर इंजिनिअरांनो, या चुका टाळा

दरवर्षी निकाल लागले की गोव्यात फोंड्याला माझ्या घरी चार-पाच मुलं येतात. कोणी फर्मागुडीच्या कॉलेजातली, कोणी शिरोड्याहून, कोणी वेर्ण्याहून. पाऊस पडत असतो, छत्री दारात ठेवतात आणि प्लास्टिकच्या फोल्डरमधून बायोडेटा काढतात. त्यातली एक ओळ ठरलेली : सी, सी++, जावा, पायथन, जावास्क्रिप्ट. हल्ली पुढे गो किंवा रस्टही असतं. मी एकच विचारतो, "यातल्या कुठल्या भाषेत तू असा प्रोग्राम लिहिलास की जो दुसऱ्या कोणी वापरला?" बहुतेक जण गप्प बसतात.

ही मुलं हुशार आहेत, म्हणूनच जीव तुटतो. मी २००८ साली बीई होऊन बाहेर पडलो. पहिली नोकरी पणजीत, पीएचपीवर. मग पुण्यात काही वर्षं जावा. आता गोव्यात परत येऊन घरूनच काम करतो, जास्त करून पायथनमध्ये. या वाटेवर जे खड्डे लागले, नेमके तेच खड्डे दरवर्षी नवी मुलं शोधून काढतात.

अडलं की भाषा बदलायची

ही माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक. गेल्या पावसाळ्यात एक मुलगा आला होता. म्हणाला, "दादा, मी जावा सोडली. जुनी झालीय, आणि उत्तरंही चुकीची देते. आता पायथन करतोय." मी म्हटलं, दाखव. त्याने लॅपटॉप उघडला. फॅक्टोरिअल, म्हणजे एकपासून त्या आकड्यापर्यंतच्या सगळ्यांचा गुणाकार, काढायचा साधा प्रोग्राम होता. बारापर्यंत उत्तर बरोबर येत होतं. तेराचा फॅक्टोरिअल ६२२७०२०८०० यायला हवा, जावा दाखवत होती १९३२०५३५०४.

हा आकडा नीट बघा. त्याला वजा चिन्ह नाही, कुठे एरर नाही, दिसायला अगदी खरा. जावाचा इंट, म्हणजे पूर्णांक ठेवायची जागा, ३२ बिटांचा असतो, त्यात जास्तीत जास्त २१४७४८३६४७ मावतो. त्यापुढे गेलं की वरचे बिट गळून पडतात आणि उरलेला आकडा उत्तर म्हणून समोर येतो. ६२२७०२०८०० मधून ४२९४९६७२९६, म्हणजे दोनाचा बत्तिसावा घात, वजा करा, तेच उत्तर मिळेल. त्याला मी हे कागदावर करायला लावलं. दोन मिनिटं लागली.

हे मला माहीत होतं ते जावामुळे नाही. पहिल्या वर्षी लॅबमध्ये टर्बो सी होतं, सी भाषेचा जुना कंपायलर, निळ्या पडद्याचा. त्यातला इंट १६ बिटांचा, ३२७६७ वर संपणारा. आठाचा फॅक्टोरिअल ४०३२० यायचा तिथे मला वजा २५२१६ आला. मीही "कंपायलर खराब आहे" म्हणून शेजारच्या मशीनवर जाऊन बसलो होतो. आमच्या सरांनी परत बोलावलं, फळ्यावर ४०३२० मधून ६५५३६, म्हणजे दोनाचा सोळावा घात, वजा करायला लावले आणि उत्तर जुळल्याशिवाय जेवायला सोडलं नाही. त्या एका दुपारवर मी पुढे तीन भाषांमधलं काम निभावलं.

पायथनमध्ये त्या मुलाचं उत्तर बरोबर येत होतं, कारण पायथनचा पूर्णांक लागेल तेवढा मोठा होतो. पण तोच आकडा मायएसक्यूएल या डेटाबेसच्या इंट कॉलममध्ये घालून बघ म्हटलं, तर "आऊट ऑफ रेंज". भाषा बदलून अडचण गेली नव्हती, पुढच्या वळणावर जाऊन उभी राहिली होती. आणि जुन्या-नव्याचं म्हणाल तर पायथन १९९१ सालची, जावा १९९५ सालची. हे ऐकून तो जरा गप्प झाला.

मी त्याला जे सांगितलं ते सगळ्यांना सांगतो. कॉलेजात जी भाषा शिकवली तीच धरा, वर्षभर सोडू नका, आणि तिच्यात एक काम शेवटपर्यंत न्या. मामाच्या दुकानाची उधारी, आईच्या बचत गटाचा हिशेब, वाड्यावरच्या सप्ताहाची वर्गणी, काहीही चालेल. अट एकच, वापरणारं माणूस दुसरं हवं. उधारीची वही कंप्युटरवर घेतली की पहिल्याच आठवड्यात कळतं की एकाच नावाची दोन गिऱ्हाइकं असतात, कोणी अर्धेच पैसे देऊन जातो, आणि काल लिहिलेली रक्कम आज खोडायची असते. हे कुठल्याही व्हिडिओत मिळत नाही. सहा महिने असं काम केलेल्याला दुसरी भाषा चालवण्यापुरती शिकायला तीन आठवडे पुरतात. दर तीन आठवड्यांनी भाषा बदलणाऱ्याला मात्र एकही येत नाही, आणि "तीस दिवसांत फुल स्टॅक" विकणारे अशांच्याच जिवावर चालतात.

एरर न वाचता खिडकी बंद करणं

लाल अक्षरं दिसली की मुलं घाबरतात. मी एरर मोठ्याने वाचून दाखवायला लावतो, अर्ध्या वेळा वाचता वाचताच उत्तर सापडतं. पायथनमध्ये आधी सगळ्यात खालची ओळ वाचा. जावामध्ये शेवटचं "कॉज्ड बाय" शोधा, मूळ दुखणं तिथे असतं. मग वर सरकत स्वतःच्या फाइलचं नाव कुठे येतं ते बघा. हल्ली एरर तशीच उचलून एआयला देतात आणि येईल तो कोड चिकटवतात. मीही एआय वापरतो, रोज वापरतो. पण जी ओळ मला समजावून सांगता येत नाही ती माझ्या फाइलमध्ये जात नाही. पहिल्या दोन वर्षांत हा नियम कडक पाळा, कारण डोळा तयार होण्याची वर्षं तीच.

चालू डेटाबेसवर थेट हात

२०१० ची चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी. आदल्या दिवशी ऑफिस अर्धं रिकामं होतं, ज्याला त्याला गणपतीवर टांगायच्या माटोळीचं सामान, फळं-पानं घेऊन घर गाठायचं होतं. किनाऱ्यावरच्या एका हॉटेलचं बुकिंग आमच्याकडे होतं. सीझनच्या आधी त्यांच्या चौदा डिलक्स खोल्यांचे दर बदलायचे होते. मी चालू, म्हणजे हॉटेल प्रत्यक्ष वापरत असलेल्या, डेटाबेसवर लॉगिन केलं, अपडेट लिहिलं, नवा दर लिहिला, आणि कुठल्या ओळी बदलायच्या ते सांगणारी व्हेअरची ओळ लिहिण्याआधी एंटर मारलं. आज्ञा संपवणारा अर्धविराम सवयीने आधीच पडला होता. पडद्यावर आलं, ११२ ओळी बदलल्या. चौदा यायला हव्या होत्या.

तो आकडा बघून हाताला घाम फुटला. बदल मागे घेणारं रोलबॅक लिहिलं, काही झालं नाही. मायएसक्यूएलमध्ये ऑटोकमिट मुळातच चालू असतं, म्हणजे प्रत्येक क्वेरी, डेटाबेसला दिलेली आज्ञा, झाली की पक्की होते. ट्रान्झॅक्शन, म्हणजे पक्के करेपर्यंत मागे घेता येणारे बदल, आपण सुरू केलंच नसेल तर मागे घ्यायला काही उरत नाही. हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण हाताला माहीत नव्हतं.

रोज रात्री बॅकअप होतो असं सगळे धरून चालले होते. फाइल उघडली तर ती मध्येच तुटलेली. डिस्क भरल्यामुळे कित्येक दिवस अर्धीच लिहिली जात होती आणि ती परत चढवून कोणी कधी बघितली नव्हती.

आमच्या सीनियर ताई मडकईच्या. त्यांच्या घरी गणपती यायचा होता, पिशवी खांद्याला लावून त्या निघालेल्या. त्यांनी पिशवी खाली ठेवली, मला एका शब्दानेही बोलल्या नाहीत, आणि हॉटेलच्या काउंटरवर फोन लावला. पलीकडच्या माणसाने छापील दरपत्रक वाचायला घेतलं. खोली नंबर, सीझनचा दर, ऑफ सीझनचा दर. ताई आकडा मोठ्याने म्हणायच्या, मी टाइप करायचो, त्या पडद्यावर बघून "हं" म्हणायच्या, मग पुढचा. रात्री साडेआठला संपलं. शेवटची बस गेली होती, त्यांचा भाऊ स्कूटर घेऊन न्यायला आला. जाताना म्हणाल्या, "आधी सिलेक्ट, मग अपडेट. उद्या देवासमोर बसशील तेव्हा हे पण म्हण."

तेव्हापासूनची माझी सवय सांगतो. व्हेअरची ओळ मी आधी लिहितो आणि मग तिच्या वर जाऊन अपडेट लिहितो. त्याआधी तीच व्हेअर लावून, काही न बदलता ओळी नुसत्या मोजणारं सिलेक्ट काउंट चालवतो आणि आलेला आकडा कागदावर लिहून ठेवतो, खरोखर पेनने. मग स्टार्ट ट्रान्झॅक्शन, मग अपडेट. बदललेल्या ओळी कागदावरच्या आकड्याशी जुळल्या तरच कमिट, म्हणजे बदल पक्का. मात्र टेबलाची रचना बदलणारं ऑल्टर आणि टेबलच काढून टाकणारं ड्रॉप यांना हे कवच नाही. मायएसक्यूएलमध्ये त्या क्वेरी चालू ट्रान्झॅक्शन आपोआप कमिट करून टाकतात, त्यामुळे त्यांच्याआधी बॅकअप हवाच. सेफ अपडेट्सची सोय चालू ठेवली तर की कॉलमच्या (ओळ ओळखायच्या कॉलमच्या) व्हेअरशिवाय किंवा लिमिटशिवाय आलेलं अपडेट मायएसक्यूएल स्वतःच नाकारतं. नवीन माणसाच्या मशीनवर मी ती पहिल्या दिवशी चालू करून देतो. चालू सर्व्हरच्या खिडकीची पार्श्वभूमी लाल ठेवतो, टेस्टची काळी. आणि महिन्याच्या एक तारखेला बॅकअप दुसऱ्या मशीनवर चढवून चार ओळी तपासतो. न चढवलेला बॅकअप मी बॅकअप धरत नाही.

"एवढा वेळ कोणाकडे आहे?" असं एका नव्या मुलाने विचारलं होतं. ११२ दर फोनवर ऐकून टाइप करायला किती वेळ लागतो, ते मी त्याला सांगितलं.

पैसे फ्लोटमध्ये ठेवणं

दहा पैसे दहा वेळा मिळवले की रुपया होतो. डबल या मोठ्या फ्लोटमध्ये, म्हणजे अपूर्णांक ठेवायच्या जागेत, ०.१ दहा वेळा मिळवून बघा, ०.९९९९९९९९९९९९९९९९ येतं. एक तृतीयांश जसा दशांशात कधी संपत नाही तसा एक दशांश बायनरीत संपत नाही, म्हणून प्रत्येक बेरजेत किंचित चूक राहते. महिनाअखेर बिलांची बेरीज जुळत नाही ती यामुळे. रक्कम रुपयांऐवजी पैशांत मोजून पूर्णांकात साठवा, किंवा डेटाबेसमध्ये डेसिमल वापरा. जावात बिगडेसिमल घेतलात तर त्याला रक्कम स्ट्रिंग म्हणून, म्हणजे अवतरणचिन्हांत, द्या. डबल म्हणून दिलीत तर चूकही सोबत आत जाते.

आणखी काही

टर्बो सी घरी बसवू नका. कॉलेजात परीक्षेपुरतं असेल तर तिथे वापरा, घरी जीसीसी हा सीचा दुसरा कंपायलर घ्या.

मराठी नावं साठवायची असतील तर टेबलाची अक्षरं साठवायची पद्धत पहिल्या दिवसापासून युटीएफ-८ एमबी-४ ठेवा. जुन्या लॅटिन-१ टेबलात देवनागरीची प्रश्नचिन्हं झाली की मूळ अक्षरं परत मिळत नाहीत.

आपल्याकडे पावसात वीज कधी जाईल सांगता येत नाही. कोडच्या आवृत्त्या जपणाऱ्या गिटवर तासाला कमिट (नोंद) आणि उठण्याआधी पुश (ती दुसऱ्या मशीनवर पाठवणं), एवढी शिस्त हवीच. "फायनल", "फायनल नवीन", "फायनल खरं" अशा फोल्डरांनी काम टिकत नाही.

बायोडेटात भाषांपुढे पाचपैकी चार तारे काढू नका. त्या जागी केलेल्या कामाबद्दल दोन ओळी लिहा.

पहिली नोकरी गोव्यातच हवी म्हणून दोन वर्षं घरी बसू नका. पुण्याला किंवा बंगळुरूला जा, काम शिका. परत येता येतं, मी आलो. आणि पणजीत लहान ऑफिसात मिळाली तर कमी लेखू नका, तिथे डेटाबेसपासून गिऱ्हाइकाच्या फोनपर्यंत सगळं तुमच्या अंगावर पडतं.

बाँडवर, म्हणजे ठरावीक काळ नोकरी न सोडण्याच्या करारावर, सही करण्याआधी तो घरी आणून शांतपणे वाचा, मोठ्यांना वाचायला द्या. मूळ मार्कशीट आणि डिग्री सर्टिफिकेट कोणाच्याही ताब्यात ठेवू नका. तपासणीला मूळ प्रत दाखवा, झेरॉक्स द्या, आणि मूळ प्रत त्याच दिवशी घरी घेऊन या.