ॲस्ट्रोफिजिक्सचा पहिला कोर्स घेणार असाल तर
नक्षत्रं ओळखता यायला हवीत का, हा प्रश्न नवीन मुलं हमखास विचारतात. नाही आली तरी काही अडत नाही हो. अडतं ते फिजिक्सवर, आणि लॉगवर. लॉग पक्कं करूनच जा, कारण सुरुवातीलाच मॅग्निट्यूड, म्हणजे ताऱ्यांचं तेज मोजायचे आकडे, येतात आणि तिथे आकडा लहान तर तारा जास्त तेजस्वी, पाचचा फरक म्हणजे १०० पट, व्याधाचा तारा तर मायनस १.४६. उलटं वाटतं, पण गणितं सोडवत गेलं की हात बसतो.

मला हा विषय खरा आवडायला लागला तो एका गणितामुळे. समजा सूर्य नुसता आकसत जाऊन, गुरुत्वाकर्षणाच्या ऊर्जेवर चमकतोय, तर किती वर्षं पुरेल? जी (गुरुत्वाकर्षणाचा स्थिरांक) गुणिले वस्तुमानाचा वर्ग, भागिले त्रिज्या, येतात साधारण ४ गुणिले १० चा ४१ वा घात इतके ज्यूल, आणि सूर्य सेकंदाला ३.८ गुणिले १० चा २६ वा घात इतके ज्यूल बाहेर टाकतो, म्हणजे भागाकार केला की जेमतेम ३ कोटी वर्षं. पण पृथ्वीवरचे सगळ्यात जुने खडकच ४०० कोटी वर्षांचे आहेत! म्हणजे आत दुसरं काहीतरी जळतंय हे अर्ध्या पानात कळतं आणि मग फ्यूजनचा, म्हणजे अणुकेंद्रं एकत्र येऊन ऊर्जा निघण्याचा, चॅप्टर वाचायला वेगळीच मजा येते. असे ढोबळ अंदाज रोज करा, माझ्या मते या कोर्सचा जीव त्यातच आहे.

वेळ सगळ्यात जास्त द्या स्पेक्ट्रमला, म्हणजे ताऱ्याच्या प्रकाशाच्या रंगपट्ट्याला आणि त्यातल्या रेषांना. ए टाइपच्या, म्हणजे सूर्यापेक्षा तापलेल्या, ताऱ्यात हायड्रोजनच्या रेषा ठळक आणि सूर्यात फिक्या, म्हणून सूर्यात हायड्रोजन कमी असं नाही, तापमानाचा खेळ आहे तो. भौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहांचं १९२० चं समीकरण इथे लागतं, कुठल्या तापमानाला किती अणू आयनीभूत होतात ते त्यातून कळतं, त्याच्याच आधारावर खगोलशास्त्रज्ञ सेसिलिया पेन यांनी १९२५ मध्ये ताऱ्यांत हायड्रोजन प्रचंड असल्याचं दाखवलं. समीकरण रटू नका, वेगवेगळी तापमानं घालून ग्राफ काढा.

युनिट्सचं म्हणाल तर अर्ग (ऊर्जेचं), पार्सेक (अंतराचं), सोलर मास (सूर्याच्या वस्तुमानाचं) सगळी सरमिसळ असते, सवय होते.

आणि थोडं पायथन शिकाच. ताऱ्यांची अंतरं मोजणाऱ्या गाया या अवकाश मिशनचा डेटा फुकट मिळतो, त्यावरून एचआर डायग्राम, म्हणजे ताऱ्यांचं तेज आणि रंग यांचा ग्राफ, स्वतः काढा, फक्त जवळचे आणि पॅरॅलॅक्स (पृथ्वी फिरताना ताऱ्याची जागा किंचित सरकलेली दिसते ती, त्यावरून अंतर काढतात) नीट मोजलेले तारे निवडा, नाहीतर अंतरं चुकतात आणि मेन सीक्वेन्सची, म्हणजे ज्यावर बहुतेक तारे असतात ती, पट्टी पसरट दिसते.