कोंबडीची २५ पिल्लं घरी आणायच्या आधी एवढं करून ठेवा

पिल्लू भुकेनं मरत नाही, गारठ्यानं मरतंय, असं आज्जी सांगत होती आणि मी ऐकलं नाही. तीन वर्षांमागं जुलैमधे, म्हणजे आमच्या बेळगावकडच्या खानापूर भागात पाऊस रात्रंदिवस कोसळत असतो तेव्हा, दारात आलेल्या गाडीवाल्याकडनं २५ पिल्लं घेतली, पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवली, वर घरातलाच एलईडी बल्ब टांगला आणि झोपलो. सकाळी ११ गेलेली, एका कोपऱ्यात एकमेकांवर चढून ढीग झालेला. एलईडीनं उजेड पडतो, ऊब लागत नाही, एवढी साधी गोष्ट डोक्यात आली नाही बघा. त्यानंतर जे जमत गेलं ते क्रमानं लिहितोय.

आधी महिना ठरवा

जून ते सप्टेंबर नकोच. मी संक्रांत झाली की आणतो, मग पाऊस लागेपर्यंत पिल्लं चार-पाच महिन्यांची होतात, अंगभर पिसं आलेली असतात, ओल सोसतात. जात म्हणाल तर अंडी जास्त हवी असतील तर गिरिराजा, ही बेंगळूरला हेब्बाळला तयार झालेली, वर्षाला १३० ते १५० अंडी देते. गावरान त्याच्या निम्म्यावर थांबते पण ती खुडूक होते, म्हणजे अंडी घालायची थांबून ती उबवायला बसते, पिल्लं स्वतः काढते, घार दिसली की पंखाखाली घेते. गिरिराजा सहसा खुडूक बसत नाही. म्हणून परड्यात, म्हणजे घरामागच्या मोकळ्या जागेत, दोन-तीन तरी गावरान कोंबड्या असू द्या, त्या पुढं उपयोगाला येतात.

पिल्लं यायच्या आदल्या दिवशी जागा तापवून ठेवा

पत्रा किंवा जाड पुठ्ठा दीड फूट उंचीचा घेऊन गोल कडं करा, चार फूट रुंद. गोलच करा, कारण कोपरा मिळाला की गारठलेली पिल्लं तिथं घुसून गुदमरतात. खाली भाताचं तूस दोन इंच पसरा, आपल्याकडं गिरणीत सहज मिळतं. वर पिवळा तारेचा बल्ब, एका पिल्लामागं २ वॅट हा हिशोब, म्हणजे २५ ला ६० वॅटचा एक पुरतो. पण मी ४० चे दोन लावतो, एक उडाला तर दुसरा असतो. हे बल्ब आता सगळीकडं मिळत नाहीत, दोन-तीन दुकानं फिरावी लागतात, तर चार जास्तीचे घेऊन ठेवा. पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर पहिल्या आठवड्यात ३५ डिग्री पाहिजे, मग दर आठवड्याला दोन-तीन डिग्रीनं कमी करायचं, म्हणजे बल्ब थोडा थोडा वर घ्यायचा.

आल्या आल्या पाणी, खाणं नंतर

अंड्यातला बलक पिल्लाच्या पोटात शिल्लक असतो, त्यावर ते दोन दिवस काढू शकतं, म्हणून तर खोक्यातनं लांबून आणता येतं. पण तहानलेलं असतं. कोमट पाण्यात गुळाचा खडा विरघळवा आणि एकेकाची चोच टेकवून दाखवा. चोच बुडते, मान वर जाते, गळ्याजवळ बारीक हालचाल होते आणि ते थांबून विचार केल्यासारखं करतं, मग परत स्वतःच वाकतं. चार-पाच जणांना कळलं की बाकीची बघून पितात. पसरट ताट असेल तर त्यात खडे टाका, नाहीतर एखादं आत पडून भिजतं आणि भिजलेलं पिल्लू म्हणजे गेलंच समजा.

खायला पहिल्या दिवशी मक्याचा जाड रवा, पाण्यानंतर दोन-तीन तासांनी. दुसऱ्या दिवसापासनं दुकानातलं पिल्लांचं खाद्य. घरात तांदळाची कणी आहे, नाचणा आहे, त्यावर भागेल असं वाटतं पण पहिल्या महिन्यात नाही भागत, अंग धरायला प्रोटीन लागतंच. महिन्याभरात एक २५ किलोची गोणी लागते साधारण. बुरशी आलेला मका किंवा शेंगदाण्याची पेंड टाकाल तर मात्र काविळीसारखं लिव्हर खराब होऊन पटापट जातात, तसलं खतात टाका पण पिल्लांना नको.

मग कान देऊन ऐका

थर्मामीटर माझ्याकडं नाही, लागतही नाही. सगळी बल्बखाली गोळा होऊन मोठ्यानं चिवचिवाट करत असतील तर गार पडलंय, बल्ब खाली घ्या. कड्याला चिकटून चोच उघडी टाकून बसली तर उकडतंय. सगळी एकाच बाजूला सरकली तर दुसरीकडनं वारा लागतोय, तिथं पोतं बांधा. इकडं तिकडं पसरून, मधनंच कुजबुजल्यासारखा आवाज करत असतील तर तुम्ही पण जाऊन झोपा. पहिले दहा दिवस रात्री एकदा उठून बघायचं, त्याला पर्याय नाही.

लाइट गेली तर काय, हा आपल्याकडचा मोठा प्रश्न. कोळशाची शेगडी ठेवणारे असतात पण खोली बंद असेल तर कोळशाच्या न दिसणाऱ्या विषारी वायूनं पिल्लंच काय माणूस पण जाईल, खिडकी उघडी ठेवूनच. माझा उपाय खुडूक गावरान कोंबडीचा. ती आधी आठवडाभर अंड्यांवर बसलेली असेल तर एक-दोन दिवसांची पिल्लं रात्री अंधारात, बॅटरी न लावता, तिच्या पोटाखाली हळूच सरकवायची आणि अंडी काढून घ्यायची. दहा-बारापेक्षा जास्त नको, पंखाखाली मावत नाहीत. सकाळी उजाडायच्या आत जाऊन बघा, टोचत असेल तर काढून घ्या, "कुक कुक" करत बोलवत असेल तर झालं, तुमचं अर्धं काम तिनं घेतलं.

लस एकट्यानं घेऊ नका

मानमोडी म्हणजे राणीखेत, ती आली की गल्लीतल्या सगळ्या कोंबड्या साफ. सातव्या दिवशी तिच्यावरच्या लासोटा लशीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत, चौदाव्या दिवशी गंबोरो रोगाची लस, २८ व्या दिवशी परत लासोटा, सहाव्या आठवड्यात देवीची आणि आठव्या आठवड्यात राणीखेतचं इंजेक्शन. लासोटाची कुपी निदान १०० डोसची येते आणि एकदा कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते, उरलेली फेकायचीच. म्हणून आम्ही चार-पाच घरं एकाच आठवड्यात पिल्लं घेतो आणि लस वाटून घेतो, बर्फाच्या थर्मासमधे आणायची, खिशात घालून नाही. ढोरांच्या दवाखान्यात आधी विचारून घ्या, म्हणजे हेलपाटा होत नाही.

तूस रोज हातानं उलटंपालटं करा आणि पाण्याखालचं ओलं झालेलं काढून टाका. ओलीतनं रक्ती हगवण लागते, विष्ठेत लाल दिसलं, पिल्लू पंख टाकून डोळे मिटून बसलं की त्याच दिवशी डॉक्टर गाठा. मागं विष्ठा चिकटून वाळलेली असेल तर ओढायची नाही, कोमट फडक्यानं भिजवून काढायची.

परड्यात सोडताना

पाच-सहा आठवड्यांनी, ते पण दुपारी तासभर, सुरुवातीला डालग्याखाली, म्हणजे बांबूच्या मोठ्या टोपलीखाली. आमच्याकडं घार आणि मुंगूस दोन्ही आहेत. घारीला परड्यावर दोऱ्या आडव्या बांधून ठेवल्या तर खाली झेप घ्यायला जमत नाही. मुंगसाला मोठ्या भोकाची जाळी म्हणजे काहीच नाही, खुराड्याला बारीक जाळी मारा आणि खुराडं दगडांवर उचलून ठेवा. संध्याकाळी एकाच वेळेला दाणा टाकून हाक मारायची सवय लावा. आमच्या कोंबड्या "ये ये" ला पण येतात आणि शेजारच्या आक्का कानडीत "बा बा" म्हणाल्या तरी तिकडं पळतात, दोन्ही भाषा येतात त्यांना. मोजून आत घ्या आणि कडी लावा, मोजायचं विसरलं की नेमकं त्याच रात्री एक कमी असतं.

आणि तूस काढून झालं की लगेच मिरचीच्या रोपांना टाकू नका, मुळं जळतात. दोन-तीन महिने ढीग लावून कुजू द्या.