हाताच्या व्यायामाला व्हीआर लावताय? या चुका टाळा

परवा निपाणीहून एक कुटुंब आलं. पेशंट अजून रिक्षातून उतरत होता, तोवर मेव्हण्यानं व्हीआरच्या हेडसेटचा खोका माझ्या टेबलावर ठेवला. व्हीआर म्हणजे डोळ्यांवर हेडसेट चढवून आभासी दुनियेत हात हलवत खेळायचे गेम; पक्षाघातानं किंवा डोक्याला मार लागून हात अडलेल्यांना ते व्यायाम म्हणून लावतात. 'पुण्याहून मागवलाय, कसला गेम लावायचा तेवढं सांगा की.' हातात ताकद किती, खांदा दुखतो का, फिट येऊन गेलीय का, यातलं काहीच बोलणं झालं नव्हतं. बेळगावात फिजिओथेरपी करताना अशी मंडळी सारखी भेटतात आणि चुका त्याच त्या. म्हणून एकदा लिहून टाकतो.

पडद्यावरचा आकडा बघत बसणं

ही चूक माझी स्वतःची आहे. खानापूर भागातला २४ वर्षांचा मुलगा. मोटारसायकल घसरली, हेल्मेट हँडलला अडकवलेलं. मेंदूच्या उजव्या बाजूला मार, डावा हात अडलेला. त्याला फुगे फोडायचा गेम लावला. पहिल्या दिवशी १४ फुगे, तीन आठवड्यांत ९०. वडील रोजचा आकडा वहीत उतरवायचे, उसाच्या वजनाची पावती जपावी तसे. मीही खुशीत. मग एक दिवस त्याची आई म्हणाली, 'डाक्टर, सगळं खरं, पण तांब्या अजून उचलत नाही ओ.'

मोबाईल बाजूला उभा करून शूटिंग घेतलं आणि बघून माझी मान खाली गेली. पोरगा हात पुढे नेतच नव्हता. कंबरेतून अख्खं धड ढकलायचा, खांदा कानापर्यंत चढवायचा, आणि कोपर पहिल्या दिवशी होतं तेवढंच वाकलेलं. हातात धरलेला कंट्रोलर फुग्यापर्यंत पोचला की फुगा फुटतो, कशाच्या जोरावर पोचला ते यंत्र विचारत नाही. तीन आठवडे मी त्याच्याकडून चुकीची चाल घोटून घेतली होती, तीही फी घेऊन.

तेव्हापासून चाकांची खुर्ची बंद. पाठ टेकलेली, आणि छातीवरून रुंद पंचा घेऊन खुर्चीला बांधायचा. आवळायचा नाही, धड पुढे सरकलं की पेशंटला जाणवेल इतपतच. फुगे हाताच्या टप्प्यात आणायचे. आणि मी पडद्याकडे बघत नाही, बाजूला स्टुलावर बसून कोपर बघतो. त्या मुलाचा आकडा ९० वरून २२ वर आला. वडील दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. पण हेडसेट काढल्या काढल्या १५ मिनिटं खरा तांब्या द्यायला लागलो, आधी रिकामा, मग पाव भरलेला. सव्वा महिन्यानं त्यानं तो उचलला. पाणी बरंच सांडलं, आईनं पुसलं नाही.

बाकीचे व्यायाम सोडून फक्त व्हीआर

'एवढं महागाचं यंत्र आणलंय, आता ते मण्यांचे नि खुंट्यांचे व्यायाम कशाला?' हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा ऐकावा लागतो. २०१६ साली लॅन्सेट न्यूरॉलॉजी या वैद्यकीय नियतकालिकात चार देशांतल्या पक्षाघाताच्या १४१ पेशंटांवरची चाचणी छापून आली. काहींना निन्टेन्डो वी हा टीव्हीवर हात हलवून खेळायचा गेम दिला, काहींना पत्ते, जेंगा (लाकडी ठोकळ्यांचा खेळ), चेंडू असले साधे खेळ. दोन आठवड्यांनी हाताच्या कामात दोन्ही गट सारखेच. म्हणजे चावडीवर पत्ते कुटणारे आमचे अप्पा अगदीच चुकत नव्हते. पुढच्या वर्षी कॉक्रेन या संस्थेनं असल्या चाचण्या एकत्र तपासल्या, त्या आढाव्यातही ७२ चाचण्या मिळून तेच निघालं: नेहमीच्या थेरपीच्या जागी व्हीआर आणून जास्तीचं काही पदरात पडत नाही, तिच्या जोडीला लावून एकूण वेळ वाढवला तर थोडा फायदा दिसतो. हे सगळं पक्षाघाताच्या पेशंटांवरचं, अपघातात डोक्याला मार लागलेल्यांवर काम त्याहून कमी.

मग मी तरी लावतो कशाला? हालचालींच्या संख्येसाठी. २००९ मध्ये अमेरिका-कॅनडातल्या केंद्रांत मोजदाद झाली, तेव्हा थेरपीच्या एका बैठकीत कामाच्या हालचाली हातानं सरासरी फक्त ३२ वेळा केलेल्या निघाल्या. मणी ओवायला सांगितले की २० ला कंटाळणारा माणूस फुगे फोडताना शंभरी कधी ओलांडतो त्यालाच कळत नाही. एवढ्यासाठी, आणि तेही पंचा बांधून.

कवटीचं हाड काढलेलं असताना हेडसेट

यावर मी सरळ ओरडतो. मेंदूला सूज आली की सर्जन कवटीचा तुकडा काढून ठेवतात, कित्येकदा पोटाच्या कातडीखाली. तिथं डोकं मऊ असतं आणि हेडसेट अर्ध्या किलोचा, वर पट्टा आवळलेला. हाड परत बसून सर्जन 'चालेल' म्हणेपर्यंत टीव्हीच्या पडद्यावर खेळवा. फिट येऊन गेली असेल तर आधी न्यूरॉलॉजिस्टला विचारा.

बारीकसारीक

पहिल्याच दिवशी तासभर लावू नका. मार लागलेला मेंदू लवकर थकतो, मळमळतं, आणि मग पेशंट हेडसेट बघितला की तोंड फिरवतो. माझी सुरुवात पाच मिनिटांची. 'आणि जरा खेळवा की' म्हणणाऱ्या नातेवाइकाला मी बाहेर चहा प्यायला पाठवतो.

लुळा हात धरून वर ओढू नका, खांदा निखळतो. आधार कोपराखाली द्या.

मूठ घट्ट वळलेली असेल तर हेडसेटच्या कॅमेऱ्याला बोटं ओळखू येत नाहीत. कंट्रोलर क्रेप बँडेजनं हाताला बांधा.

डावीकडचं भानच नसेल तर फुगे आधी मध्ये, मग रोज थोडे डावीकडे.

लेन्स स्पिरिटनं पुसू नका, कोरडं मऊ कापड घ्या. हेडसेट उन्हात खिडकीत ठेवू नका, भिंगातून पडदा जळतो. सौंदत्तीच्या यल्लम्माचं दर्शन घेऊन थेट येणाऱ्यांच्या कपाळावरचा भंडारा आधी पुसून घ्या, माझा एक फोम कायमचा पिवळा झालाय.

कुठल्या भाषेत बोलताय?

गेममधली बाई इंग्रजीत बोलते, ते बहुतेकांच्या डोक्यावरून जातं. आवाज बंद करून आपण बोलावं. फक्त आपल्याकडे एक भानगड आहे. माझा मदतनीस गोकाककडचा, कानडी बोलणारा; कानडीत 'मेले' म्हणजे वर. हात वर न्यायला तो जोरात म्हणाला, 'मेले, इन्नू मेले!' बाहेरच्या बाकावर पेशंटची आजी बसली होती. ती पदर तोंडाला लावून आत धावली, 'कोण मेले गं बाई?' आता तो 'वर' म्हणतो.