गोव्यात चर्चचा इतिहास वाचायला घेताना

चर्चचा इतिहास म्हटला की आपल्याकडचा नवखा वाचक आधी इन्क्विझिशनचं, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाचं, पुस्तक शोधतो. १५६० ते १८१२ हा काळ वाचायलाच हवा, पण पहिल्याच महिन्यात नको. राग आला की वाचन थांबतं आणि वाद सुरू होतो.

मी सुरुवात क्रिस्तपुराणापासून करायला सांगतो. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट (येशूसंघाचे पाद्री) १५७९ मध्ये गोव्यात आले, दक्षिण गोव्यातल्या साष्टीत राहिले आणि बायबलची कथा त्यांनी मराठी ओव्यांत लिहिली. १६१६ मध्ये रायतूरला ती रोमन लिपीत छापली गेली. आता देवनागरी आवृत्तीही आहे. पहिल्या पुराणात जुना करार, दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र. घरी पोथी ऐकलेल्या माणसाला ती चाल लगेच सापडते, म्हणून थोड्या ओव्या मोठ्याने म्हणाव्या आणि मग तोच प्रसंग मराठी बायबलमध्ये काढावा.

भक्तीसाठीचं वाचन मात्र वेगळ्या वेळी. वाचन, मनन, प्रार्थना, चिंतन ही बाराव्या शतकापासूनची मठातली रीत. त्या वेळी हातात पेन्सिल नसावी. टिपणं काढायला लागलो की आपण पुन्हा विद्यार्थी होतो. मार्कचं शुभवर्तमान घ्या, १६ अध्यायांचं, चार शुभवर्तमानांत सगळ्यांत छोटं. इतिहासाकडे वळायचं तर नंतर बायबलमधलंच प्रेषितांची कृत्ये.

मग साष्टीतल्याच कुंकळ्ळीला जा. १५८३ मध्ये तिथे गावकऱ्यांच्या हातून पाच जेझुइट मारले गेले. त्यांतले रुदोल्फ आक्वाव्हिवा त्याच वर्षी अकबराच्या दरबारातून परतले होते. चर्चच्या लेखी ते हुतात्मे. पुढे वाटाघाटीच्या नावाखाली आसोळण्याच्या किल्ल्यात बोलावून पोर्तुगीजांनी गावकऱ्यांना ठार केलं, आणि गावात त्यांचंही स्मारक आहे. दोन्ही बाजूंची कागदपत्रं सारखी नाहीत: पाद्रींनी पत्रं लिहिली, गावकऱ्यांची बाजू त्यांच्या हातून उरलेली नाही. हा फरक ध्यानात ठेवूनच पुढची पानं उलटावीत. (स्टीफन्स तेव्हा साष्टीतच होते, हे क्रिस्तपुराण वाचताना विसरता येत नाही.)

जुनं गोवं शेवटी बघितलं तरी चालेल. तिथल्या बॉम जेजुस चर्चमध्ये सेंट फ्रान्सिस झेवियर यांच्या शवपेटीसमोर गर्दी असते. सांता मोनिका मठातल्या ख्रिस्ती कला संग्रहालयात निवांत उभं राहता येतं.

पोर्तुगीज भाषा टाळू नका. पणजीच्या पुराभिलेखात तिच्याशिवाय फार पुढे जाता येत नाही.