काळी काच आली कुठून? ऑब्सिडियनचा पत्ता काढायचा कसा

झवेरी बाजारात कॅरेट मोजायचं मशीन बघितलं असेल, दागिना आत ठेवला की अर्ध्या मिनिटात सोनं किती तांबं किती ते स्क्रीनवर. तेच एक्सआरएफ, म्हणजे वस्तूवर एक्स-रे मारून परत येणाऱ्या किरणांवरून आतली मूलद्रव्यं ओळखायची पद्धत. हजारो वर्षांपूर्वीचं ऑब्सिडियनचं पातं कुठल्या ज्वालामुखीतून आलं हे काढायलाही तेच तंत्र, फक्त सराफाचं मशीन सोन्यासाठी सेट केलेलं असतं, दगड ठेवून फायदा नाही. मी ठेवून बघितलाय, काहीच्या काही आकडे आले आणि सराफ माझ्याकडेच बघत बसला.

आता मुद्द्याचं. ऑब्सिडियन म्हणजे ज्वालामुखीची काच, लाव्हा इतक्या पटकन गार होतो की स्फटिक बनायला वेळच मिळत नाही, सिलिका साधारण ७० टक्क्यांच्या वर (आपल्या अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचा बेसॉल्ट वेगळा, त्यात सिलिका बरीच कमी). मोठे घटक सगळीकडे जवळपास सारखेच, खरी ओळख पटते ती रुबिडियम, स्ट्रॉन्शियम, इट्रियम, झिर्कोनियम, निओबियम यांच्यावरून, हे असतात किती तर दहा लाखात दहा-वीस ते काही शे भाग. १९६४ साली कॅन आणि रेनफ्रू या संशोधकांनी भूमध्य समुद्राकडची ऑब्सिडियनं बेरियम आणि झिर्कोनियमवरून वेगळी करून दाखवली, तिथून हे सगळं सुरू झालं.

नुसत्या रंगावर जाऊ नका. इटलीच्या पँटेलेरिया बेटाचं हिरवट असतं हे खरं, पण तुर्कस्तानातल्या बिंगोल आणि नेमरुत दागचंही हिरवटच निघतं.

पातं हातात आलं की आधी धुवा, साधं पाणी आणि मऊ ब्रश, माती राहिली तर लोखंडाचे आकडे वाढतात. मग उलटं करून बघा, जुन्या संग्रहातल्या वस्तूंवर पांढऱ्या रंगाचा पट्टा मारून वर नंबर घातलेला असतो, त्या रंगात टायटॅनियम किंवा शिसं असू शकतं आणि मशीन बिचारं तेच मोजून देतं. मी एकदा अख्खी दुपार शिशाचा उलगडा करण्यात घालवली, शेवटी कळलं की तो नंबर होता!! तेव्हा नंबर नसलेली, त्यातल्या त्यात सपाट बाजू मशीनच्या खिडकीवर (जिथून एक्स-रे बाहेर येतात) टेकवा. तुकडा निदान सेंटीमीटरभर रुंद आणि दोन-तीन मिलीमीटर जाड हवा, पातळ असला तर एक्स-रे आरपार जातात आणि आकडे घसरतात. बारीक पात्यांना मग लेझरवालं आयसीपी-एमएस बरं, म्हणजे लेझरने कण उडवून त्यातली मूलद्रव्यं मोजणारं मशीन, ते केसाएवढा खड्डा पाडतं त्यामुळे संग्रहालयाची परवानगी आधी.

४० किलोव्होल्टला चालवा, दोन-तीन मिनिटं, तुकडा हलवून दोन-तीन वेळा. स्क्रीनवर प्रत्येक मूलद्रव्याची उंच टोकं दिसतात, ती बघताना एक फसगत होते, रुबिडियमची दुसरी रेषा बरोबर इट्रियमच्या डोक्यावर बसते आणि स्ट्रॉन्शियमची झिर्कोनियमच्या, सॉफ्टवेअरने वजा केलंय का ते तपासा. रोज सुरुवातीला आणि शेवटी आरजीएम-२ सारखं, घटकांचं प्रमाण आधीच माहीत असलेलं स्टँडर्ड मोजा, ते बिघडलं तर त्या दिवसाचे सगळे आकडे बाद. आणि हो, हे एक्स-रे मशीन आहे, एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळाची) परवानगी लागते, त्यांचं ऑफिस अणुशक्तीनगरलाच आहे त्यामुळे मुंबईकरांना सबब नाही.

मग आलेख. एका बाजूला झिर्कोनियम, दुसऱ्या बाजूला रुबिडियम भागिले स्ट्रॉन्शियम, वाकड्या पृष्ठभागावर सुटे आकडे हलतात पण गुणोत्तर बऱ्यापैकी टिकतं. तुमचा ठिपका कुठल्या पुंजक्यात पडतो ते बघायचं, पण पुंजके असायला त्या त्या डोंगरावरून आणलेले नमुने त्याच मशीनवर मोजलेले हवेत, आणि इथेच लोक कंटाळतात. इटलीच्या सार्डिनिया बेटावरच्या मोंते आर्चीला एकाच डोंगरात तीन-चार प्रकार आहेत, एकच खडा आणून भागत नाही. आणि जवळ नमुनाच नसलेला ज्वालामुखी आलेखावर कसा दिसणार? मग ठिपका चुकून शेजारच्यालाच चिकटवला जातो.

जुळलं की मजा येते. ग्रीसमधल्या फ्रांख्थी गुहेत, शेती सुरू व्हायच्याही आधीच्या थरात, मिलोस बेटाचं ऑब्सिडियन सापडलं, म्हणजे कोणीतरी समुद्र ओलांडून आणलंच ना. कोणी आणलं, किती हातांतून फिरलं, ते मात्र आकडे सांगत नाहीत. नदीने वाहून आणलेला गोटाही केमिस्ट्रीत डोंगरासारखाच दिसतो, तेव्हा कडेला थोडी मूळ साल, म्हणजे दगडाचा बाहेरचा थर, उरली असेल तर ती गोल घासलेली आहे का बघा.

बाजारातून ‘ओरिजिनल ऑब्सिडियन’ म्हणून घेतलेले माझे मणीही मोजले, कॅल्शियम इतकं वर की बाटलीची काच निघाली. आईला दिलेत, ती आवडीने घालते.